दैवशालाचा हात

खोटं बोलले ते आधी कबूल करते, म्हंजे पुढचं सांगायला जीभ मोकळी. चार वर्षं मी अख्ख्या भावकीला सांगत आले, की माझी सून दैवशाला परभणीच्या दवाखान्यात कागदं लिहायच्या कामाला हाय. माझी जाऊ सरजाबाई दर बाजाराला विचारायची, "काय गं केवळे, सून तुझी करती काय तिथं?" मी म्हणायची, "पेशंटांची नावं लिहिती. पंख्याखाली बसून." सरजाबाई गप व्हायची. झाकली मूठ सव्वा लाखाची.

खरं निराळंच होतं. दैवशाला दुर्बिणीच्या खोलीत होती. तिथं माणसाच्या तोंडातून लांब काळी नळी पोटात सोडतात. नळीच्या टोकाला दिवा अन् कॅमेरा. आतलं सगळं टीव्हीवर दिसतं, अन् पोट न चिरता त्याच नळीतून इलाज करतात. कुणाच्या पोटातली जखम बंद कर, कुणाच्या पित्ताच्या नळीतला खडा काढ. ती दुर्बीण धुवायची, तयार ठेवायची, अन् मॅडम आत बघत असल्या की बारीक तार हातानं पुढं सरकवायची, हे माझ्या सुनेचं काम.

मॅडम म्हंजे डॉक्टर संघप्रिया. दर गुरुवारी नांदेडहून येतात. दैवशाला पयली नुसती धुण्यापुसण्याला लागली होती. मॅडमनं तिचा हात बघितला अन् तिला शिकवायला घेतलं. पोर बारावी झालेली, डोकं तल्लख. दोन वर्षांत तयार झाली.

पण मला काय त्याचं! आमी मेंढरं राखणारी माणसं, पोखर्णीच्या पलीकडं आमचं गाव. मला वाटायचं, माणसाच्या आतड्यातली घाण करती ही, अन् त्याच हातानं माझ्या घरात भाकरी थापती? म्हणून दारात मी एक बादली ठेवली होती. संध्याकाळी एसटीतून उतरून आली, की आधी त्या बादलीनं हातपाय धुवायचे, मगच उंबरा. अन् मेंढरांना तर हातच लावू द्यायची न्हाई. दैवशाला एका शब्दानं कधी उलटून बोलली न्हाई. खाली वाकायची, धुवायची, आत यायची. माझा पोरगा हरिओम एकदा म्हणला, "आई, हे बरं न्हाई." मी म्हणले, "तुला इचारलं का?"

यंदा संक्रांतीच्या आधी आमचं म्हातारं, धोंडीबा, पिवळं पडलं.

डोळे हळदीवानी. अंगाला खाज, लघवी लाल, भाकरीचा वास आला तरी मळमळ. दैवशालानं पयल्याच दिवशी म्हणलं, "मामा, सोनोग्राफी करू." सासऱ्याला ती मामा म्हणती अन् मला आत्याबाई. मी म्हणले, "कावीळ हाय ती. काविळीला दवाखाना कोण दाखवतं? तुझ्या दवाखान्यात काय, गेला माणूस की घातली नळी!"

अन् नेलं मी चंद्रभानकडं. तो आमच्या शिवारातला काविळीची माळ घालणारा. काड्यांची माळ असती बगा, डोक्यावर घालायची. कावीळ उतरंल तशी माळ वाढत जाती, खाली सरकती, अन् पायातून निघाली की माणूस बरा. चंद्रभान काय वाईट माणूस न्हाई. रुपयासुद्धा घेत न्हाई. त्यानं पथ्य सांगितलं, एकवीस दिवस फुटाणे, ताक अन् उसाचा रस, तेल बंद. अन् बजावून सांगितलं, "केवळाबाई, एक दिवस जरी पथ्य मोडलं, तर कावीळ उलटती. मग मला बोलू नका."

नऊ दिवस झाले. माळ वाढून छातीपर्यंत आली, अन् म्हाताऱ्याचा पिवळेपणाही वाढत गेला. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला. तीन घोंगड्या टाकल्या तरी म्हातारं हुडहुडायलंय. मग दैवशालानं मला इचारलंच न्हाई. हरिओमला म्हणली, "गाडी आणा." चार वर्षांत पयल्यांदा तिचा तसला आवाज ऐकला मी.

सोनोग्राफी झाली. कावीळ होती, पण ती रोगाची खूण होती, रोग निराळाच. पित्ताच्या नळीत खडा अडकलेला. त्यामुळं पित्त तुंबलं, तुंबल्यात पू झाला, अन् ते जहर आता रक्तात उतरायलं होतं. दुसऱ्या दिवशी गुरुवार. मॅडम येणार, दुर्बिणीतून खडा काढणार. सिस्टरनं रातच्याला सांगून ठेवलं, "सकाळी पोटात कायबी द्यायचं न्हाई. पाण्याचा घोटसुद्धा न्हाई."

ऐकलं का मी? ऐकलं. समजलं का? तेबी समजलं. पण सकाळी उजाडलं, अन् माझ्या डोक्यात चंद्रभान बसला. दहावा दिवस. आज पथ्य मोडलं अन् कावीळ उलटली तर? मला वाटलं, दवाखान्याचं दवाखान्याला, पथ्याचं पथ्याला. दोन्ही करू, कोणतं तरी लागू पडंल. पदराच्या गाठीला मूठभर फुटाणे होते. म्हातारं नको नको म्हणायलं होतं. मी एकेक करून त्याच्या तोंडात घातले, वरून बाटलीतलं ताक पाजलं. सिस्टर आली, म्हणली, "आजी, काही खाल्लं न्हाई ना?" मी म्हणले, "बाई गं, काय वेडी हाय का मी?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला!

नऊ वाजता म्हाताऱ्याला दुर्बिणीच्या खोलीत घेतलं. मी दाराशी उभी. दार अजून उघडंच होतं. दैवशाला हिरव्या कपड्यात, तोंडाला पट्टी. आधी मला वळखूच आली न्हाई. म्हाताऱ्याच्या तोंडात ती प्लास्टिकची कडी बसवणार होती, दातानं दुर्बीण चावू नये म्हणून. कडी बसवायच्या आधी तिनं बॅटरी मारून तोंड बघितलं. "मामा, दात हलतो का एखादा?" अन् थांबली.

दोन बोटांनी तिनं हिरडीतून काय तरी काढलं. फुटाण्याचं टरफल.

तिनं दाराकडं बघितलं. माझ्याकडं. मी खाली बघितलं.

"मॅडम," दैवशाला म्हणली, "पेशंटच्या पोटात अन्न हाय. आज सकाळचं. आता गुंगी दिली तर उलटी होऊन फुप्फुसात जाईल."

संघप्रिया मॅडम हातमोजे घालायल्या होत्या, त्या तशाच वळल्या. "कुणी दिलं? तुझ्या घरचेच ना हे? विचारलं नव्हतं?"

मला वाटलं, आता ही माझं नाव घेणार, अन् धा माणसांत माझी इज्जत जाणार. दैवशाला म्हणली, "चूक माझी हाय मॅडम. मी स्वतः विचारून घ्यायला पाहिजे होतं."

मॅडमनं तिला लय झापलं. सिस्टर, वॉर्डबॉय, समद्यांपुढं. "घरचा माणूस आहे म्हणून नियम सोडायचा असतो का?" दैवशाला मान खाली घालून उभी, अन् मी, ज्या बयेनं फुटाणे चारले ती, भिंतीला टेकून गुमान. तोंड उघडलं न्हाई. लाज वाटती आता सांगायला, पण न्हाई उघडलं.

मॅडम म्हणल्या, खाल्ल्यापासून आठ तास थांबावं लागंल. तोवर सलाईन, इंजेक्शनं चालू. तापानं दगा दिला न्हाई तर करू. त्यांची नांदेडची गाडी चारला होती. ती त्यांनी सोडली.

तो दिवस माझ्या वैऱ्यालाबी नको. म्हाताऱ्याला थंडी वाजली की खाट वाजायची. मधीच बडबडायचं, "कोकरं आत घ्या, कोकरं आत घ्या." रक्तदाब खाली जायला लागला. दर घडीला मला वाटायचं, मूठभर फुटाण्यापायी घरधनी घालवला मी. दैवशाला दुसऱ्या पेशंटांचं काम करून मधी मधी यायची, ताप बघायची, कपाळावर ओली पट्टी ठेवायची. मला म्हणायची, "आत्याबाई, तुमी दोन घास खाऊन घ्या." एवढंच. शिव्या दिल्या असत्या ना, तर मला बरं वाटलं असतं.

तीन वाजून गेल्यावर आत घेतलं. दार बंद. हरिओम अन् मी बाहेर बाकड्यावर. अर्धा तास झाला, पाऊण झाला. हरिओम म्हणला, "एरवी अर्ध्या तासात होतं म्हणती ती." मी पोखर्णीच्या नरसिंहाला हात जोडले. काय मागू तेच सुधरंना.

मग दार उघडलं. मॅडम बाहेर आल्या, टोपी काढली, केस घामानं चिकटलेले. हसल्या. "आजी, खडा निघाला. साचलेला पूही वाहून गेला. आत एक छोटी नळी बसवलीय, ती पुढं काढू. आजोबा वाचले."

मी म्हणले, "खडा दाखवा की."

"तो आतड्यात सोडला, आपोआप पडून जाईल." म्हंजे बगा, एवढा जीव घ्यायला निघालेला खडा, अन् बघायलासुद्धा मिळाला न्हाई!

मॅडम बाकड्यावर माझ्याशेजारीच बसल्या. म्हणल्या, "एक सांगते. पित्ताच्या नळीचं तोंड सुजून इतकं बारीक झालं होतं की तार आत जाईना. तीनदा करून झालं. जास्त खेळलं की शेजारचं स्वादुपिंड सुजतं, त्यात माणूस दगावतो. मी ठरवलं, शेवटचा एकदा, न्हाई तर संभाजीनगरला पाठवू. मी म्हणाले, 'घे पुढं.' तर तुमची सून म्हणाली, 'मॅडम, थांबा. आता न्हाई.' तार बोटात धरून नुसती थांबली. मग ते तोंड जरा ढिलं पडलं, अन् हिनं तार अशी सरकवली की मला कळलंसुद्धा न्हाई. मी विचारलं, हे कुठं शिकलीस? तर म्हणाली, 'सासूबाईंनी शिकवलं.'"

मला आठवलं. लग्न होऊन आली त्या हिवाळ्यात आमची एक मेंढी विताना अडली होती. मी दैवशालाचा हात धरून आत घातला होता अन् सांगितलं होतं, "डोळ्यानं बघायचं न्हाई, बोटानं बघायचं. ढकलायचं न्हाई. ती आवळती तवा थांब, ढिली पडली की सरक. जोर लावशील तर माय बी जाईल अन् लेकरू बी." कोकरू जित्तं निघालं होतं. तोच हात पुढं मी बादलीत धुवायला लावला. चार वर्षं.

दैवशाला बाहेर आली. तोंडावरची पट्टी खाली, डोळे लाल. वॉर्डबॉय, सिस्टर, हरिओम, समदे तिथंच होते. मी उठले.

"मॅडम," मी म्हणले, "फुटाणे मी चारले. सिस्टरला खोटं मी बोलले. हिला काय बी ठाव नव्हतं. हिनं माझी लाज झाकली. जे बोलायचं ते मला बोला."

मॅडम म्हणल्या, "मला सकाळीच कळलं होतं आजी. दोन वर्षांत ही एकदासुद्धा विचारायला विसरली न्हाई. अन् तुमच्या पदरातून फुटाणे सांडत होते."

हरिओम हसला मेला. मग मीबी हसले, अन् हसता हसता मला रडूच आलं. दैवशालानं माझे डोळे पुसले. त्याच हातानं. औषधाचा वास येत होता हाताला, अन् मला तो गोड लागला, खरं सांगते.

आठ दिवसांनी म्हातारं घरी आलं. डोळे पांढरे, भूक चांगली, तोंड पयल्यासारखं चालू. माळ चंद्रभानला परत दिली. त्याला म्हणले, "बाबा, आता कुणी पिवळा आला, तर आधी सोनोग्राफीला पाठव. मग तुझी माळ खुशाल घाल." तो मान डोलवत म्हणला, "तुमची सून हाय तिथं, मग काय फिकीर."

त्याच हप्त्यात एक दिवस संध्याकाळी सरजाबाई आमच्या ओसरीवर येऊन बसली होती. तिकडं मेंढरांच्या वाड्यात एक मेंढी सकाळपासून अडलेली. माझी बोटं आता वाकलीत, आत हात चालत न्हाई. एसटी आली, दैवशाला दारापाशी आली, अन् सवयीनं खाली वाकली. बादली तिथं नव्हती. ती इकडं तिकडं बघायली.

"काय हुडकतीस?" मी म्हणले. "बादली वाड्यात नेली, कोकरांना पाणी पाजायला. चल लवकर, मेंढी अडलीय. हात तुझा पाहिजे."

ती पिशवी टाकून तशीच पळाली.

सरजाबाई म्हणली, "अगं केवळे, ती तर कागदं लिहिती म्हणायचीस ना?"

"खोटं बोलले," मी म्हणले. एवढ्या मोठ्यानं, की गल्लीत ऐकू जावं. "माझी सून माणसाच्या पोटात दुर्बीण घालून खडे काढती. तुझ्या दिराला तिनंच वाचवलं. अन् तिला हात मी शिकवलाय."

तेवढ्यात वाड्यातून कोकराचा आवाज आला.