पाचशे चार आणि दुपारचे बारा

गाडीच्या आवाजाला घाबरणारी माणसं जगात पुष्कळ असतील. गाडी गप्प बसली की घाबरणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहायचा. मूळचे दापोलीचे, उभी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलेली, शेवटची काही वर्षं आम्ही राहतो त्या परदेशी बेटावरच्या तुआसच्या गोदीत. सगळे त्यांना चीफ म्हणत, वहिनीसुद्धा. खिशात कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं एक टोक यंत्राला, दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले! आमच्याकडे चहाला आले की आधी फ्रिजची तपासणी. "पुणेकर, हा काँप्रेसर दिवाळी बघत नाही," म्हणाले, आणि दसऱ्यालाच फ्रिज गेला की हो. तेव्हापासून त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं तरी मला धडकी भरायची.

त्यांचा खरा जीव खाली कार पार्कमध्ये होता. फ्रेंच गाडी, मॉडेल पाचशे चार, तीन रांगांची, लांबलचक. तिच्या घराण्याची माहिती ते लग्न जमवणाऱ्याच्या थाटात सांगत. चारशे तीन ही पणजी, चारशे चार आजी. पाचशे चारच्या पिढीत दोन दारांची कूपे म्हणजे नखरेल धाकटी, पिकअप म्हणजे शेती बघणारा थोरला, आणि "आपली ही" म्हणजे सगळ्यांना वाढून मग जेवणारी मोठी काकू. पाचशे पाच आली तरी आफ्रिकेने हिला सोडलं नाही, हे सांगताना ते बॉनेटवर हात फिरवायचे. कारण तरुणपणी लागोसच्या बंदरात त्यांचं अपेंडिक्स फुटलं, तेव्हा अशाच एका पाचशे चार टॅक्सीने आधीच्या सात उतारूंसकट त्यांना मागच्या रांगेत आडवं घालून दवाखान्यात पोचवलं होतं. "ती बंद पडली असती तर मी आज नसतो रे," म्हणत. एवढं ऐकल्यावर गाडीत एसी नाही हे बोलायची कोणाची छाती?

मी मूळचाच भित्रा. वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात संगणकापुढे बसून पोट भरणारा माणूस. लायसन्स आहे, पण एक्स्प्रेसवेच्या बोगद्यात शिरताना अजून मनात रामरक्षा चालू असते. त्यात जुन्या गाड्यांना इथे वर्षातले मोजकेच दिवस रस्त्यावर येता येतं, जास्त झाले की गाडी जप्त. गाडी बाहेर काढली की मी उरलेले दिवस मोजत बसे! चीफ मात्र बिनघोर. त्यांची लॉगबुकासारखी वही होती, तिच्यात प्रत्येक दिवस स्वच्छ अक्षरात मांडलेला. मग त्यांचा इथे राहण्याचा पास संपत आला. दापोलीला परतायचं ठरलं, गाडी नेता येत नव्हती, आणि कोणी नावावर करून घेतली नाही तर ती भंगारात दाबली जाणार होती. सगळ्यांनी हळूच अंग काढून घेतलं. राहिलो मी. एका संध्याकाळी चीफ दारात उभे राहिले, स्क्रूड्रायव्हरशिवाय. "पुणेकर, तू घे," एवढंच म्हणाले. मी घाबरून हो म्हणून बसलो.

"यंदाच्या कोट्यातला शेवटचा दिवस शिल्लक आहे, तो तुझ्या शिकवणीला," असं म्हणून एका रविवारी सकाळी त्यांनी मला तुआसला नेलं. रस्ते मोकळे, मी घामाघूम. जरा दम खायला थांबलो आणि सहज वही चाळली. शनिवार दुपार ते रविवार सकाळ, एक दिवस. पुढच्या पानावरही तेच.

"चीफ, हे दोन दिवस ना?"

"एकच. दुपारी बारा ते दुपारी बारा. जहाजाचा दिवस."

"सरकारचा दिवस रात्री बाराला बदलतो हो!"

चीफनी वही माझ्या हातातून घेतली. पाच मजली इंजिनाखाली आग विझवलेला माणूस, पण आता बोट ठेवून एकेक पान परत मोजायला लागला. "म्हणजे आपले दिवस कधीच संपलेत," ते म्हणाले. "मला काय करायचं ते करू देत. हिला नेतील रे."

गपचूप घरी जाऊ, असं मीच सुचवलं, तेही दातखीळ बसलेली असताना. चीफ नाही म्हणाले. "चुकीची नोंद सापडली की पुढे जायचं नाही." ट्रक मागवला. पाचशे चार त्यावर चढवली तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. सोमवारी दोघं वही घेऊन वाहन खात्याच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकलं, वही दोनदा वाचली. "अंकल, नोबडी कम अँड टेल लाइक धिस, लाह." असं आपणहून सांगायला कोणी येत नाही म्हणे. निर्णय पत्राने कळेल म्हणाल्या. ते तीन आठवडे मी पत्रपेटी उघडताना डोळे मिटून घ्यायचो. पत्र आलं: नुसती ताकीद. गाडी वाचली! वहिनींनी शिरा केला, आणि चीफनी जहाजाच्या रिवाजाप्रमाणे कार्यभार सोपवल्याच्या कागदावर माझी सही घेतली. स्क्रूड्रायव्हरही दिला.

आता दर रविवारी मी कार पार्कमध्ये दापोलीला फोन लावतो आणि तो बॉनेटशी धरतो. उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला इथे मनाई, म्हणून जेमतेम एक मिनिट, तेही चोरासारखं इकडेतिकडे बघत. "तिसरा सिलिंडर खोकतोय," चीफ तिकडून सांगतात, आणि खरंच खोकत असतो.

गेल्या रविवारी गाडी छान सुरात होती. मी फोन धरून उभा.

"पुणेकर," चीफ म्हणाले, "सुरू कर ना रे."

सुरूच होती. इंजिनरूममधली इतकी वर्षं कधीतरी कानांकडून वसुली करणारच होती. मी फोन बॉनेटला टेकवला, रेस वाढवली. मग तिकडून वहिनी त्यांना सांगताना ऐकू आल्या, "चालू आहे हो."

"हां, आवाज ठीक आहे," शेवटी चीफ म्हणाले. "सांभाळ हिला."

"हो चीफ," मी मोठ्याने ओरडलो. फोन ठेवला, पण चावी फिरवून गाडी बंद करायला हात होईना. त्या दिवशी मनाईबिनाई न बघता मी ती चांगली दहा मिनिटं चालू ठेवली.