आवाज चढव की!

लॉ कॉलेजातून बाहेर पडले, तेव्हा कॉलेजनं मला वर्षभराची फेलोशिप दिली. दरमहा खर्चापुरते पैसे मिळणार, अट एकच: गरिबांच्या केसेस फुकट लढायच्या. वडील म्हणाले, "वकील होऊन फुकट? मग शिकलीस कशाला?" मी ऐकतेय होय! इचलकरंजीत यंत्रमागांच्या शेडला लागून एक खोली घेतली आणि बसले.

सुरुवातीला काळं कुत्रं फिरकलं नाही. फुकटच्या वकिलात काहीतरी खोट असणारच, असं लोकांचं मत. मग एक मावशी आली. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या कामाला होती. नवऱ्याची दोन बोटं मागात गेलेली, आणि मालक भरपाई द्यायला तयार नव्हता. मी कायदा समजावायला लागले, तर म्हणाली, "बाई, तोंडातल्या तोंडात काय बोलतीस? मालकाच्या वकिलापुढं अशीच बोलणार व्हय? आवाज चढव की!"

तिचं बरोबर होतं. मागांच्या खडखडाटात ती माणसं लग्नाचं आवतणसुद्धा ओरडूनच देतात. मीही शिकले. जजसाहेबांनी एकदा तंबी दिली, "हे कोर्ट आहे, बाजार नाही." मावशी मात्र मागच्या बाकावर खूश! आईशप्पथ, तेवढी जिवंत मी पुन्हा कधी झाले नाही.

वर्ष संपलं, केस लटकलेलीच. फेलोशिप पुढच्या बॅचच्या पोरीला गेली. तिच्या हाती मावशीची फाईल दिली आणि मी राजारामपुरीतल्या एका ऑफिसात नोकरी धरली. बँकांसाठी फ्लॅटचे कागद तपासते. पगार वेळेवर, एसी गार, आणि सगळे कुजबुजत बोलतात. इचलकरंजीची बस दिसली की अजून ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहते.

परवा ऑफिसात मावशीचा फोन आला. "पोरी, जिंकलो की गं आपण! भरपाई मिळाली!"

"छान झालं, मावशी," मी हळूच म्हणाले.

"आं? काय ऐकू येईना. तुझा आवाज कुठं गेला गं?"

मी खुर्चीतून उठले. सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. बघू दे!

"मावशी, मला परत यायचंय!" ओरडलेच मी.

"मग ये की!"

म्हणायला काय जातंय तिचं! मी खाली बसले, पुढच्या फ्लॅटचे कागद ओढले, पण डोळ्यांपुढं एक अक्षर दिसेना.