लघवीत काही सापडेना

तुरुंगातल्या सिस्टरचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात बघण्यात गेलं. ब्राऊन शुगरच्या नादातून सुटू पाहणाऱ्या कैद्यांना रोज सकाळी जिभेखाली तलफ भागवणारी गोळी द्यायची, ती विरघळेपर्यंत समोर उभं राहायचं, मग बॅटरी मारून म्हणायचं, "आ करा." किडके दात, तंबाखूचा चोथा, शिळा वास. कुणी गालात दडवलेली गोळी थुंकून विकायचा, घेणारा ती लाळेसकट तोंडात टाकायचा. नवी होती तेव्हा तिला दुपारचं जेवण जात नसे. आता जातं, आणि त्याचीच तिला जास्त किळस येते.

शिंपी मात्र न सांगता आ करायचा. गोळी सुरू झाल्यापासून तो माणसात आला होता. तुरुंगातले गणवेश शिवायचा, शिवताना गुणगुणायचा. त्याला जामीन मिळाला आणि सिस्टर धास्तावली. गोळी फाटकाबाहेर न्यायला मनाई. ती तुटली की अंग मोडून येतं, जुलाब लागतात, माणूस ब्राऊन शुगरच्या पुडीकडे धावतो. पण सवय मोडलेल्या शरीराला जुनं प्रमाण झेपत नाही, आणि खेळ तिथंच आटोपतो. असे तिनं बरेच गमावले होते.

म्हणून दुसऱ्याच दिवशी रजा टाकून ती त्याला आणि त्याच्या बायकोला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. तिथल्या साहेबानं लघवी तपासून घेतली, चहात बिस्किट बुडवलं आणि मान हलवली.

"यांना गोळी देता येणार नाही. लघवीत नशा सापडत नाही."

"सापडेल कशी? आत आम्ही गोळी देत होतो ना!"

"ते तुमच्याकडे. इथं नशा सापडल्याशिवाय नाव घालत नाहीत."

"म्हणजे आधी पुडी ओढून यायचं?"

"मॅडम, असं मी कुठं म्हटलं?" तो हसला. दातांत बिस्किटाचा लगदा दिसला. इतक्या वर्षांत इतकं घाण तोंड तिनं पाहिलं नव्हतं.

बाहेर बाकावर शिंपी जांभया देत बसला होता. नाक गळत होतं, गोळी तुटल्याचं अंगावर दिसू लागलं होतं. त्याच्या बायकोनं सिस्टरला बाजूला घेतलं.

"ताई, काय केलं म्हणजे ह्यांना परत तुरुंगात घेतील?"

सिस्टर तिच्यावर खेकसणार होती. तोंडातून निघालं ते भलतंच. "जामिनाची चौकीतली हजेरी चुकवली की पोलीस उचलतात."

बोलून गेली आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. बाकावरून ऐकणाऱ्या शिंप्याचा चेहरा मात्र उजळला.

"मग झालं की," तो म्हणाला. "हजेरी उद्याच आहे."