डाव्या खांद्याची तीन बटणं

लिफ्टवाल्या काकांच्या घरात त्यांच्याशिवाय आवाज करणारं एकच काय ते उरलं होतं, काकूंचा फोन. काकू जाऊन आठ महिने झाले, तरी तो स्वयंपाकघरातल्या फळीवर चार्जरला लावलेला असायचा. विणकामाच्या एका वेबसाइटवर बाळस्वेटर कसा विणायचा हे सांगणारं काकूंचं पान होतं. तिथे कुणी काही लिहिलं की फोन टिंग करायचा आणि काका हातातलं टाकून धावायचे. मिनिटभर घरात कुणीतरी आहे असं वाटायचं.

त्या दिवशी एका अनोळखी बाईंनी लिहिलं होतं, "दीड महिना खपून विणला. बाळाच्या डोक्यातून जातच नाही. या बाईंनी हा स्वेटर स्वतः कधी विणलाय तरी का?"

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. विणलाय का म्हणे! त्यांनी कपाटातून काकूंनी विणलेला लेकीचा लहानपणचा स्वेटर काढला, पुरावा म्हणून. आणि बघतात तर काय, डावा खांदा जोडलेलाच नव्हता, तिथे तीन बटणं होती. खांदा उघडा ठेवायची पायरी काकूंकडून पानावर लिहायचीच राहिली होती. काकू असत्या तर जीभ चावून हसल्या असत्या. काकांना मात्र हसू आलं नाही. चूक तशीच राहिली तर जो तो काकूंनाच नावं ठेवणार होता.

साइट ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही मोकळी. तिची प्रत आपल्या कॉम्प्युटरवर उतरवायची, तिथे चालवून दुरुस्ती करून बघायची आणि मग पाठवून द्यायची. बोलायला काय जातं! काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप केली की दहा लाल ओळी अंगावर यायच्या. पण काकांनी चाळीस वर्षं अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली होती. घाबरून बटणं दाबत सुटणाऱ्याचं काय होतं, हे त्यांना ठाऊक होतं. प्रत्येक लाल ओळ ते वहीत उतरवून घ्यायचे आणि दूर राहणाऱ्या लेकीला फोनवर वाचून दाखवायचे. एकदा आवृत्ती जुनी निघाली, एकदा फोल्डरच भलतं. अकराव्या दिवशी साइट उघडली. काकांनी राहिलेली पायरी घातली, बटणांचा फोटो लावला आणि फळीसमोर खुर्ची ओढून बसले.

चार दिवस गेले. आभार नाहीत की शंका नाही.

"बाबा, इथे तर काहीच बदललेलं नाही," लेक म्हणाली.

"डोळे तपासून घे तुझे. माझ्यासमोर आहे की, बटणांसकट!"

"वर पत्ता काय दिसतोय? लोकलहोस्ट? अहो बाबा, ती तुमच्याच कॉम्प्युटरवरची प्रत. तुमच्याशिवाय कुणालाच दिसत नाही ती. अजून पाठवायचीय!"

काका हसले, पण ते हसू काही टिकलं नाही. चार दिवस त्यांनी एकट्यानेच ते पान पाहिलं होतं, जशी काकूंची खुर्ची आणि चष्मा आता एकटे तेच पाहायचे.

त्यांनी दुरुस्ती पाठवली. तासाभरात फळीवरचा फोन वाजला. साइट सांभाळणारा तिथे घुबड या टोपणनावाने वावरायचा, आणि त्याचा नियम पक्का होता. पान ज्याचं, त्याच्या संमतीशिवाय एक टाका बदलायचा नाही. काकूंना त्याने विचारलं होतं, "तुमच्या पानावर एक दुरुस्ती आली आहे. मंजूर?" खाली हिरवं बटण होतं.

काकांनी ते दाबलं असतं तर कुणाला कळणार होतं? दुरुस्ती झाली असती, आणि फोनही वाजत राहिला असता. बोट काचेपर्यंत गेलं. पण एक टाका चुकला म्हणून अख्खी बाही उसवणारी बाई ती. तिच्या नावावर खोटं बटण काकांच्याने दाबवेना. ते कॉम्प्युटरपाशी गेले आणि एका बोटाने घुबडाला लिहिलं, "संमती मिळणार नाही. ती गेली. आठ महिने झाले. मी तिचा नवरा. मूळ स्वेटर माझ्यासमोर आहे." 'गेली' हे त्यांनी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. लिहून झाल्यावर ते स्वेटर तोंडाशी धरून रडले.

उत्तर आलं, "फार वाईट वाटलं. दुरुस्ती घेतो. नाव त्यांचंच राहील. पण पान बेवारस ठेवता येत नाही. सांभाळणारे म्हणून तुमचं नाव घालू का? मग इथले निरोप त्यांच्याऐवजी तुमच्या फोनवर येतील."

काकांनी फळीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग लिहिलं, "घाला."

आठवड्याने भाजी परतताना टिंग झालं. काकांनी गॅस बंद केला, धावत जाऊन फळीवरचा फोन उचलला. त्याच्यावर काहीच नव्हतं. पुन्हा टिंग झालं, त्यांच्याच शर्टाच्या खिशात.

त्याच बाईंनी लिहिलं होतं, "उसवून पुन्हा विणला. बसला! बाईंना माझे आभार सांगा."

एका हातात तिचा फोन, एका हातात आपला, असे काका तिथेच उभे होते. मग त्यांनी तिचा फोन परत चार्जरला लावला, आणि फळीकडे तोंड करून आभार मोठ्याने सांगितले.