वीतभर कमी पडलेलं छत

कोपऱ्याची लोखंडी पट्टी खांबापासून वीतभर लांब राहिली होती आणि चेन पुली काही केल्या पुढे सरकत नव्हती. सकाळचे साडेनऊ वाजले होते, पण मे महिन्यातलं नागपूर घड्याळ पाहून तापत नाही. हेल्मेटखाली माझे केस भिजून कपाळाला चिकटले होते. शॉपिंग सेंटरच्या मधल्या चौकावर आम्ही कापडी छत चढवत होतो. सहा खांब, सहा कोपरे. पाच बसले होते, सहावा बसायला तयार नव्हता. उद्घाटन रविवारी, म्हणजे चार दिवसांवर.

"अजून ओढा," मी खालून ओरडले.

वर लिफ्टच्या पिंजऱ्यात आमचे कटिंग मास्टर होते. कापड तेच कापायचे आणि चढवायलाही तेच यायचे, कारण आमचा कारभार लहान होता आणि एवढं मोठं काम मला पहिल्यांदाच मिळालं होतं.

"मॅडम, कापड नाही येऊन राहिलं," ते वरून म्हणाले. "फाटून जाईन."

अशा छताचं कापड लागतं त्यापेक्षा लहान कापावं लागतं. शिंप्यानं असं केलं तर गिऱ्हाईक मारायला धावेल, पण आमच्याकडे तीच रीत आहे. चारी बाजूंनी ओढलं की कापड वाढतं, उभ्या धाग्याच्या, म्हणजे ताण्याच्या, दिशेनं थोडं आणि आडव्या धाग्याच्या दिशेनं जास्त. किती वाढेल ते काढायचं आणि आधीच तेवढं कमी कापायचं, हे माझं काम. चुकलं तर एकीकडे कापड पुरत नाही आणि दुसरीकडे ढिलं पडतं. ढिल्या जागेत पावसाचं पाणी साचतं, त्या वजनानं जागा आणखी खोल होते, आणि एखाद्या दिवशी ते सगळं खाली खात बसलेल्या माणसांवर येतं.

त्या कोपऱ्यात नेमकं हेच दिसत होतं. खांबाकडे कापड वीतभर कमी, आणि बाजूला एक लांबलचक झोळ. तो पाहिला आणि चूक कुठे झाली ते मला कळलं.

तीन आठवड्यांपूर्वी कामठी रोडवरच्या आमच्या शेडमध्ये कापड संपत आलं होतं. नवा रोल यायला महिना लागणार होता. उरलेल्या कापडात कोपऱ्याचा तुकडा बसेना, म्हणून मी तो कॉम्प्युटरवर आडवा फिरवला. मग बरोबर बसला. फिरवल्यावर त्याची मापंही बदलायला हवीत, हे मात्र मी विसरले. कापायच्या दिवशी मास्टरांनी त्या कापडावरून तळवा फिरवला. निम्मं आयुष्य कामठीच्या पॉवरलूमवर गेलेला माणूस, धागा त्यांना हातानं दिसतो.

"मॅडम, बाकी सगळ्याचा ताणा उभा, अन् ह्याचाच आडवा पडून राहिला. काहून?"

मी फोनवर बिल्डरशी भांडत होते. राग तसाही माझ्या नाकावरच बसलेला असतो. फोनवर हात ठेवून मी म्हटलं, "मास्टर, गणित मी केलंय. तुम्ही फक्त कापा." त्यांनी कापलं.

आता ते वर होते, त्याच तुकड्याच्या शेजारी. माझी चूक मला समजली होती, तेव्हा तिथेच थांबायला हवं होतं. पण वाटलं, अजून थोडं ओढलं तर येईलही. वीतभरच तर आहे. "दोन कड्या," मी ओरडले. साखळी कुरकुरली. पट्टीशेजारच्या जोडातून चर्र असा आवाज आला, आणि खालची सगळी माणसं एकदम मागे सरली.

नेमका तेव्हाच वारा उठला. रस्त्यावरची धूळ चौकात शिरली आणि ते भलंमोठं कापड गोधडी झटकावी तसं वरखाली होऊ लागलं. एका फटक्यानं मास्टरांचा पिंजरा हलला. मी "सोडा, सोडा" म्हणत होते, पण माझाच आवाज मला ऐकू येत नव्हता. साखळी सैल करायला त्यांना किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. मला फक्त त्यांचा सेफ्टीचा पट्टा दिसत होता, आणि तो पिंजऱ्याला अडकवलेला आहे की नाही एवढंच मी पाहत होते. अडकवलेला होता. कापड खाली आलं. त्यांच्या उजव्या हाताची साल साखळीनं निघाली होती.

बिल्डर धावत आला. "उद्घाटनाचे कार्ड वाटून झाले, मॅडम! हे कोनाच्यानं झालं?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. मास्टर हाताला रुमाल गुंडाळत होते. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, ही म्हण मी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवत आले आहे. मी म्हटलं, "कटिंगमध्ये गडबड झाली."

"मंग हा मानूस मले इथं दिसला नाही पायजे," बिल्डर म्हणाला.

नागपुरात हे काम करणारे मोजकेच लोक आहेत. याचं कटिंग चुकतं, अशी एकदा बोंब झाली की त्या माणसाला कोणी कापडाला हात लावू देत नाही. हे मला ठाऊक होतं. मास्टरांनाही होतं. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, हेल्मेट काढून कठड्यावर ठेवलं आणि ते गेले. मी त्यांना थांबवलं नाही.

प्रताप नगरला घरी आले ती जेवलेच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुकडा कॉम्प्युटरवर सरळ केला. खाली आलेल्या चुकीच्या तुकड्यातून आणि उरलेल्या कापडातून, मध्ये दोन जोड देऊन, तो सरळ निघत होता. पहिल्यांदाच निघाला असता, थोडं डोकं चालवलं असतं तर. मग मी बिल्डरला फोन लावला. काम जाईल, शिव्या बसतील, सगळ्याची तयारी केली होती. म्हटलं, "चूक माझी होती. मास्टरांनी मला आधी सांगितलं होतं."

"अरे मॅडम, ते सोडा ना," तो म्हणाला. "रविवारपर्यंत लागते का नाही, तेवढं सांगा."

बस, एवढंच. खरं बोलून माझं काहीच गेलं नाही. खोट्यानं मात्र एका माणसाचं नाव गेलं होतं. मला रडू आलं, आणि ते स्वतःची कीव येऊन नव्हतं.

कामठीला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं आणि ती आत गेली. मी माफी मागितली. बिल्डरला खरं सांगितल्याचंही सांगितलं.

"ते झालं," मास्टर म्हणाले. "तुकडा कधी कापाचा?"

शेडमध्ये त्यांनी कापड पसरलं, पट्टी बांधलेल्याच हातानं खुणा केल्या. मग सुरी घेण्याऐवजी मार्कर माझ्यापुढे धरला. "ताणा कोनीकडे, माप किती, इथं लिहा. अन् खाली सही करा." मी लिहिलं. त्यांनी सावकाश वाचलं आणि मग कापलं.

छत रविवारी लागलं, सहाही कोपरे ताठ. नंतरच्या प्रत्येक कामात मास्टर माझ्यासोबत आहेत, आणि प्रत्येक तुकड्याआधी मार्कर पुढे येतो. परवा मी म्हटलं, "मास्टर, इतकी वर्षं झाली. आता राहू द्या ना."

"तुमचं मन चांगलं हाये, मॅडम," ते म्हणाले. "सही करा."

मी सही केली.