मऊ चांदी आणि माझी कानस

शेलारभाऊ, गुडघा कसा आहे? जिना चढता येतोय का आता? मालनताई, शुगर खाली आली का... की अजून सुनेची नजर चुकवून चहात साखर चालूच आहे? आणि कदम, खोकला गेला का? चाकणच्या त्या धुळीत तोंडाला रुमाल बांधल्याशिवाय गाडीवर बसत जाऊ नका.

विचारपूस मनापासून करतोय, पण मूळ मुद्द्यावर यायला आज जीभ जड झालीय हेही खरं. मंगळवारी मी इथं आपल्या ग्रुपवर चांदीच्या नाण्याचा एक फोटो टाकला होता. 'खोटी चांदी, सावध राहा'... आणि खाली दुकानाचं नाव. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी तो पुढं पाठवला.

ते नाणं खरं आहे. चूक माझी आहे. कशी झाली ते सांगतो.

आमच्या घरात आजवर गुंतवणूक म्हणजे पतपेढी आणि एफडी. यंदा एफडी सुटली तेव्हा वाटलं, नातीच्या नावानं चांदीची नाणी घेऊन ठेवावी... जो तो चांदी चढली म्हणत होता, मलाही हुरूप आला.

काळेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशीच मेघनाचं चांदीचं दुकान आहे. तिचे वडील माझे मित्र. ते गेल्यावर दुकानाचं शटर बरेच दिवस खालीच होतं. मागच्या वर्षी पोरीनं ते वर उचललं, तेव्हा नारळ तिनं माझ्या हातानं फोडून घेतला होता.

पाच नाणी घेतली. प्रत्येक नाणं प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात. "काका, पाकीट फोडू नका हं," तिनं बजावलं होतं. "मोडायला आणाल तेव्हा सील असलेलं बरं."

पण माझा हात गप्प बसेल तर ना! आकुर्डीच्या कंपनीत पस्तीस वर्षं फिटर... शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं कानस आणि व्हर्नियरनं शिकवलं. धातू समोर आला की घासून बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

ब्लेडनं पाकीट कापलं. गॅलरीतल्या वाइसमध्ये नाणं धरलं आणि काठावर हलकेच कानस मारली... लोण्यात सुरी जावी तशी गेली. चुरा कानशीच्या दातांत भरून बसला. शिसं असंच भरतं, हे मी हजारदा पाहिलंय.

ताडून बघायला हिच्या डबीतली जुनी जोडवी काढली. ही स्वयंपाकघरातून बघतच होती. "नवरा धडधाकट समोर बसलाय आणि स्वतःच बायकोच्या जोडव्याला कानस लावतोय! काय म्हणावं बाई!"

जोडव्यावर कानस कुरकुरत गेली. टणक! झालं... माझ्या डोक्यात निकाल लागला. जोडवी खरी, नाण्यात भेसळ.

"आधी पोरीला विचारा तरी," ही म्हणाली. मी म्हटलं, "धातूतलं तू मला शिकवू नकोस." फोटो काढला, ग्रुपवर टाकला. मग जेवलो, तासभर आडवा झालो... आणि चारच्या सुमाराला दुकानात गेलो.

दुकानात एक आई आणि मुलगी लग्नासाठी पैंजण बघत होत्या. मी नाणं काउंटरवर आपटलं. "मेघना, तुझ्या बापानं असला माल कधी ठेवला नव्हता!" चांगलं मोठ्यानं बोललो. त्या दोघी "जाऊन येतो" म्हणत उठल्या... परत आल्या नाहीत.

मेघना म्हणाली, "काका, बसा. आधी पाणी घ्या." तिनं नाणं शुद्धता मोजायच्या मशीनमध्ये ठेवलं आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. हजारात नऊशे नव्व्याण्णव भाग चांदी. मग मी खिशातून आणलेलं जोडवं ठेवलं. तो आकडा कितीतरी खाली.

"जोडवी रोज फरशीला घासतात ना काका, म्हणून त्यात तांबं घालून टणक करतात. निव्वळ चांदी मऊच असते."

पस्तीस वर्षं धातूत काढली... आणि हे मला ठाऊक नव्हतं. मी ज्या मऊपणाला भेसळ समजलो, तोच चांदीचा चोखपणा होता.

"पोरी, चुकलं माझं," मी म्हणालो. तिनं नाणं गुलाबी कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, ग्रुपवरचं तेवढं काढाल का? दुपारपासून तिघांनी पाठवलंय मला."

म्हणजे मी दारात पाऊल टाकलं तेव्हा तिला सगळं माहीत होतं... आणि तरी तिनं मला आधी पाणी दिलं.

फोटो मी तिथल्या तिथं डिलीट केला. पण पुढं गेलेला कसा परत आणू? काल भाजीच्या गाडीवर मालनताईंच्या सोसायटीतली एक बाई मलाच सांगत होती, "त्या दुकानात जाऊ नका हो काका, खोटी चांदी देतात." माझंच वाक्य! मी म्हटलं, "बाई, ते लिहिणारा गाढव मीच." ती हसली... तिला वाटलं, काका थट्टा करतात.

घरी येऊन सांगितलं, तर ही म्हणाली, "शाळेबाहेर एवढं शिकलात, आता चुकलो म्हणायलाही शिका. फोटो जिथं टाकलात तिथंच म्हणा." म्हणून हे लिहितोय.

माझ्या नाण्याचं मला काही नाही. काठ घासलेलं ते नाणं मी मोडणार नाही. पण त्या पोरीनं एकटीनं वर उचललेलं शटर माझ्यामुळं खाली येता कामा नये.

एवढं करा... फोटो ज्यांना पाठवलात, त्यांना हेही पाठवा. आणि कुणाकुणाला पाठवलात ती नावं मला कळवा. जवळच्यांच्या दारात मी स्वतः जाईन, लांबच्यांना फोन करीन. शेलारभाऊ, मालनताई, कदम... तुमच्यापासूनच सुरुवात करतो. मोबाइल हातात धरूनच बसलोय, लवकर लिहा.