दोन ठिपक्यांच्या मधली कुंदाताई

दाजींचा फोन आला तेव्हा मी बार्शीत शाळेच्या स्टाफरूममध्ये पेपर तपासत होतो. "रवी, कुंदा गेली रं," एवढंच ते बोलले आणि फोन तसाच चालू राहिला. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता... मीही फोन ठेवला नाही. कुंदाताई माझी थोरली बहीण. सोलापुरात एका कॉलेजात तिनं आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं आणि माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही आलेख काढायला लावले. आता महिना उलटून गेला, तरी तिच्याविषयी 'होती' असं लिहायला हात धजत नाही. का, ते सांगतो. कुणाला पटेलच असं नाही.

ताईला एका गोष्टीचा फार राग. कॉम्प्युटरवर आलेख काढताना दिसायला छान म्हणून पोरं 'स्मूद'वर टिचकी मारायची. मग ठिपके सरळ न जुळता गुळगुळीत वळणांनी जुळायचे. ताई भडकायची. "ठिपका म्हणजे मोजलेलं. मधे काय मोजलंस तू? मग तिथं रेघ वर चढलीच कशी?" चढत आलेली रेघ गोल वळवायची म्हटली की ती कधी कधी ठिपक्याच्याही वर फुगून मग खाली येते, हे मला तिनंच दाखवलं. तिचं म्हणणं साधं होतं. सगळ्या ठिपक्यांचा कल बघायचा तर एक सरळ रेघ काढावी आणि ती सांगेल ते ऐकावं, आवडो न आवडो. "ताई, तू फूटपट्टी गिळलीयस," असं मी चिडवलं की पाठीत धपाटा बसायचा.

ती आजारी पडली तेव्हा डॉक्टरांनी दर रविवारी वजन लिहून ठेवायला सांगितलं. ताईनं अर्थातच आलेख काढला. सरळ रेघ खाली चालली होती. दाजी मूळचे करमाळ्याकडचे, आलेखातलं त्यांना फारसं कळत नसे, पण ती रेघ कुठं निघालीय ते कळत होतं. त्यांचं जेवण तुटलं. एका दुपारी सात रस्त्याजवळच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये माझ्यासमोरच ते म्हणाले, "कुंदा, ती दुसरी रेघ काढ की. वळणाची. हिच्याकडं बघवंना मला." ताईनं लॅपटॉप पुढं ओढला. मग सरळ रेघ पुसून जन्मात पहिल्यांदा तिनं ती टिचकी मारली. "पण अहो, मधल्या जागेवर विश्वास ठेवू नका हं," ती म्हणाली, "तिथं मी नसेन." मला रडू आवरेना, म्हणून मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

पुढं वजन थोडं वाढलं आणि लगेच ताप चढून तिला आयसीयूत हलवावं लागलं. त्या दिवसांतल्या नोंदी राहून गेल्या. घरी आणल्यावर दाजींनी पुढचे आकडे भरले. ते ठिपके खाली उतरत गेले, पण मधल्या रिकाम्या जागेत रेघ चांगली वर उठली होती.

तेराव्यानंतर दाजी म्हणाले, "मधी लई बरी झाली हुती बग. भाकरी थापायला उभी ऱ्हायली. आठवतंय न्हवं?" आठवत होतं. मी बेल वाजवली, तर दार तिनंच उघडलं. पिठानं भरलेला हात वर धरून म्हणाली, "चप्पल बाहेर काढ, आत्ताच पुसलंय." काय आनंद झाला होता मला!

गेल्या रविवारी दाजींना तो आलेख तिच्या फोटोखाली लावायचा होता. ते आत चहा टाकत होते, मी लॅपटॉप उघडून बसलो. वर उठलेली रेघ बघता बघता नजर खालच्या तारखांवर गेली. त्या दिवसांत ताई आयसीयूत होती. बाहेरच्या बाकावर दाजी आणि मी. घराला कुलूप होतं. मग मला दार कुणी उघडलं?

मी ती टिचकी काढून टाकली. फुगवटा गेला, दोन ठिपके सरळ जुळले. आणि दारातली ताई पुसट व्हायला लागली. आधी साडीचा रंग गेला. मग चेहरा... आवाज तेवढा उरला होता, तोही लांबून येत होता. मी घाबरलो, अगदी लहानपणी घाबरायचो तसा.

तेवढ्यात दाजी चहा घेऊन आले. काखेत फडक्यात बांधलेली भाकरींची चवड. "कुंदानं थापल्याल्या, मधी बरी हुती तवाच्या हायती," ते म्हणाले. "खाववल्या न्हाईत मला. आता कडक झाल्या असत्याल." कडक भाकरी सोलापुरात महिनोन्महिने टिकते, दुकानातही मिळते, त्यात नवल नाही. "दाजी, ती तेव्हा घरात नव्हतीच," हे माझ्या अगदी ओठांवर होतं. त्यांनी एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. मी मोडायला गेलो. मोडली नाही, वाकली. कडा वाळल्या होत्या, मधोमध भाकरी अजून मऊ होती.

मी भाकरी मांडीवर ठेवली. माऊस पुढं ओढला, पुन्हा टिचकी मारली आणि प्रिंट काढली.